जबड्याखालची गाठ पुन्हा पुन्हा भरतेय

पत्र

नमस्कार डॉक्टर,

आम्ही वडणग्याचे. शेतातल्या वस्तीवर आमचा कारवानी कुत्रा आहे, नाव सर्जा, वय चार वर्षं. दिवाळीच्या आधी त्याच्या जबड्याखाली उजव्या बाजूला लिंबाएवढी मऊ गाठ दिसली. हात लावला तरी तो ओरडत नव्हता, खाणंपिणं नीट होतं. डॉक्टरांनी सुई घालून पाणी काढलं. पिवळसर, चिकट, तार सुटणारं पाणी निघालं आणि गाठ बसली. पंधरा दिवसांत परत भरली. पुन्हा काढलं, पुन्हा भरली. आता ती पहिल्यापेक्षा मोठी आहे आणि गळ्याच्या मधोमध लोंबते. डॉक्टर म्हणतात, लाळेची ग्रंथी ऑपरेशन करून काढावी लागेल. सासरे म्हणतात, डाग दिला की गाठ जिरते, पूर्वी बैलांना द्यायचे. शेजारच्या काकू बिब्बा घालायला सांगतात. मिस्टरांचं म्हणणं, कॅन्सर असेल तर उगाच कापून त्याचे हाल कशाला करायचे. ग्रंथी काढली तर तोंड कोरडं पडेल का? लाळेचाच आजार आहे म्हटल्यावर मुलांना त्याच्याजवळ जाऊ द्यावं का? आमच्या उसाला तोड आलीय, घरात कुणाला सवड नाही. महिनाभर थांबलं तर चालेल का?

— करवीर तालुक्यातल्या एक ताई

उत्तर

ताई, तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे. ऑपरेशन करून घ्या, आणि तोवर निव्वळ गाठ बसवायची म्हणून सुईनं पाणी काढून घेऊ नका. डाग आणि बिब्बा दोन्ही नकोत. तुमच्या पत्रात इतके बारकावे आले आहेत की आजाराचा अंदाज बांधायला फारसं काही उरलेलं नाही. गाठ मऊ आहे, दुखत नाही, तार सुटणारं पाणी निघतं आणि काढलं तरी परत भरतं. ही लाळ साठून झालेली गाठ आहे. डॉक्टर तिला सायलोसील किंवा म्यूकोसील म्हणतात.

कुत्र्याला लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या चार जोड्या असतात. एक कानाच्या मुळाशी, एक जबड्याच्या कोपऱ्यामागं, एक जिभेखाली आणि एक डोळ्याच्या खाली, गालाच्या हाडाआड. जबड्यामागची आणि जिभेखालची या दोन ग्रंथी एकाच आवरणात एकमेकींना चिकटून असतात आणि त्यांच्या नळ्या शेजारून पुढं जाऊन जिभेखाली उघडतात. सर्जासारख्या बहुतेक कुत्र्यांत बिघाड होतो तो या जिभेखालच्या ग्रंथीत किंवा तिच्या नळीत. कुठंतरी ती फाटते आणि लाळ तोंडात जायची सोडून आजूबाजूच्या मांसात झिरपत राहते. शरीर त्या लाळेभोवती सुजेची एक पिशवी तयार करतं. तुम्हाला बाहेरून दिसते ती ही पिशवी.

शेतात जमिनीखालची पाइपलाइन फुटली तर वर पाण्याचं डबकं होतं. बादलीनं डबकं उपसलं तरी मोटर चालू आहे तोवर ते परत भरणारच. सुईनं पाणी काढणं म्हणजे हे उपसणं आहे. पहिल्यांदा सुई घातली ते योग्यच झालं, कारण आत पू आहे, रक्त आहे की लाळ आहे हे त्याशिवाय कळत नाही. नीट, निर्जंतुक सुईनं एकदा बघितलं, निदान झालं, सुईचं काम तिथंच संपलं. त्यानंतरची प्रत्येक सुई बाहेरचे जंतू आत न्यायची संधी असते. साठलेल्या लाळेत एकदा पू झाला की न दुखणारी गाठ दुखरी होते, ताप येतो, आतले थर एकमेकांना चिकटतात आणि पुढचं ऑपरेशन अवघड होऊन बसतं. काही कुत्र्यांची गाठ एकदा पाणी काढल्यावर पुन्हा भरत नाही, हे खरं आहे. सर्जाची दोनदा भरली, म्हणजे तो त्यांतला नाही.

आता सासऱ्यांबद्दल. त्यांनी बैलांना डाग देताना बघितलं असेल, आणि त्यांचं सांगणं सर्जाच्या काळजीपोटीच आहे. पण तापलेल्या सळईनं वरची कातडी जळते, आतली फाटलेली ग्रंथी तशीच राहते. वर पातळ कातडी आणि खाली लाळेची पिशवी अशा जागी भाजलेली जखम लवकर भरत नाही. ती फुटली तर लाळ कायमची बाहेर गळत राहू शकते. बिब्ब्याच्या तेलानं कातडीवर फोड येतात, आणि कुत्रा पंजानं खाजवून ते तेल डोळ्यांपर्यंत नेतो. चुना-गुळाचा लेपसुद्धा याच कारणासाठी लावू नका. सासऱ्यांना दवाखान्यात बरोबर घेऊन जा. डॉक्टरांनी काढलेलं पाणी बोटांत धरून तार सुटताना त्यांना दाखवलं, तर ही लाळ आहे हे त्यांना कुणी वेगळं सांगायला लागणार नाही.

मिस्टरांची शंका रास्त आहे. जबड्याखाली गाठ म्हटलं की सगळ्यांना आधी कॅन्सर आठवतो. पण लाळग्रंथीचा कॅन्सर कुत्र्यांत क्वचित होतो, तोही बहुतेक म्हाताऱ्या कुत्र्यांत. त्या गाठीला हात लावला तर ती घट्ट लागते, खालच्या मांसाला धरून बसलेली असते, सुईत तार सुटणारी लाळ येत नाही. चार वर्षांच्या कुत्र्याची मऊ, हलणारी, लाळेनं भरलेली गाठ या चित्रात बसत नाही. तरीही काढलेली ग्रंथी टाकून देऊ नका, तपासणीला पाठवायला सांगा. थोडा खर्च येईल, पण मिस्टरांच्या मनातली शंका त्या अहवालानं मिटेल, आणि ती मिटणं गरजेचं आहे.

असं का झालं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण घरात बोलणं होत असणार. खरं सांगायचं तर बहुतेक कुत्र्यांत कारण सापडत नाही. काहींत मार कारणीभूत असतो. गळ्यातली साखळी जोरात ओढली जाते, दुसरं कुत्रं गळ्याला चावतं, किंवा काठी, हाड असं काही चघळताना जिभेखाली टोचतं. आपल्या भागात मला उसाची भीती वाटते. तोडीच्या दिवसांत वस्तीवरची कुत्री फडात पडलेली कांडी चघळत बसतात, आणि उसाच्या सालीची धार काय असते ते तुम्हाला मी सांगायला नको. सर्जाला उसाचा नाद असेल तर तो तोडा. हाडांचंही तसंच. रविवारी मटणाच्या रश्श्यातली शिजलेली हाडं कुत्र्यापुढं टाकायची आपल्याकडं रीतच आहे, पण शिजलेलं हाड चावताना त्याच्या धारदार चिपा होतात. रश्श्यातला कांदा-लसूणही कुत्र्याच्या रक्ताला वाईट.

ऑपरेशनबद्दल नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. बरेच लोक डॉक्टरांना सांगतात, "तेवढी पिशवी कापून टाका." पिशवी कापून गाठ जात नाही. काढायची असते ती ग्रंथी, आणि तीही दोन्ही मिळून. जबड्यामागची आणि जिभेखालची एकाच आवरणात असल्यामुळं एकीला सोडून दुसरी काढता येत नाही. जबड्याच्या कोपऱ्यामागं चीर घेऊन ग्रंथी मोकळी करतात, मग तिच्या पुढच्या टोकाचा माग जिभेच्या दिशेनं जमेल तितका पुढं घेतात, नळी बांधून कापतात. पिशवीतली लाळ काढून टाकतात. कधी आत साठणारं पाणी बाहेर पडायला दोन-चार दिवस रबरी नळी ठेवतात. झिरपणं थांबलं की उरलेली पिशवी आपोआप आकसते. असं नीट केलेलं ऑपरेशन झाल्यावर गाठ परत येणं फार कमी बघायला मिळतं. परत आलीच तर बहुतेक वेळा जिभेखालच्या ग्रंथीचा तुकडा आत राहिलेला असतो, नाहीतर चुकीच्या बाजूची ग्रंथी काढलेली असते.

चुकीची बाजू कशी काय, असं तुम्हाला वाटेल. पण सर्जाची गाठ आता गळ्याच्या मधोमध लोंबतेय. लाळ वजनानं खाली उतरते आणि मग नुसतं बघून उजवी की डावी हे सांगता येत नाही. इथं तुम्ही लिहिलेलं एक वाक्य मोलाचं आहे, की गाठ सुरुवातीला उजव्या बाजूला होती. हे डॉक्टरांना ठासून सांगा. दिवाळीच्या वेळचे मोबाइलमधले फोटो असतील तर तेही दाखवा. भुलीत कुत्र्याला बरोबर उताणं झोपवलं की गाठ बऱ्याचदा मूळ बाजूकडं कलते. तरीही शंका राहिली तर सोनोग्राफी करता येते, किंवा नळीत औषध घालून एक्स-रे घेता येतो. बाजू ठरल्याशिवाय चीर घेऊ नका, असं तुम्ही डॉक्टरांना म्हणालात तर त्यात त्यांचा अपमान नाही. चांगल्या सर्जनला असा मालक आवडतो.

आणखी दोन गोष्टी आधीच बोलून घ्या. एक, रक्ताची तपासणी, आणि त्यात प्लेटलेट. वस्तीवरच्या कुत्र्यांना गोचीड असतातच, आणि गोचीडतापात प्लेटलेट इतके उतरू शकतात की चीर घेतल्यावर रक्त थांबत नाही. वरून कुत्रं ठणठणीत दिसत असतं. प्लेटलेट कमी निघाले तर आधी त्याचे उपचार, मग ऑपरेशन. दोन, भूल. सर्जा कारवानी आहे. ही जात ग्रेहाउंडसारखी, अंगावर चरबी नसलेली, पळायला बनलेली. अशा कुत्र्यांना थायोपेंटोनसारखं जुन्या पद्धतीचं भुलीचं इंजेक्शन मानवत नाही, त्यातून जागं व्हायला त्यांना फार वेळ लागतो. गॅसची भूल द्यायची सोय असलेला दवाखाना निवडा आणि कुत्रा कारवानी आहे हे फोनवरच सांगा. अंगात चरबी नसल्यानं भुलीत त्याचं अंग लवकर गार पडतं, म्हणून जाताना जाड घोंगडं न्या. कोल्हापुरात अशी सोय जमली नाही, तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. महामार्गावरच, सातारा ओलांडून पुण्याकडं जाताना लागतं. तिथं शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग आहे. आधी फोन करून वेळ घ्या. खर्चही आधीच विचारा, आणि तपासणी, भूल, ऑपरेशन, नंतरची औषधं असा वेगवेगळा विचारा.

तोंड कोरडं पडेल का? नाही. एका बाजूच्या दोन ग्रंथी गेल्या तरी दुसऱ्या बाजूच्या सगळ्या शाबूत आहेत, कानाजवळच्या आणि गालातल्या आहेत, शिवाय ओठांत-टाळूत बारीक ग्रंथी असतातच. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी कुत्र्यांच्या कानाजवळच्या लाळग्रंथीची नळी गालाबाहेर वळवून लाळेचे थेंब मोजले होते. एका ग्रंथीची लाळ तोंडात येत नव्हती, तरी ती कुत्री खातपीत होती, जगत होती. पावलोव्ह यांना 1904 साली पचनक्रियेवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. सर्जा भाकरी आधीसारखीच खाईल.

ऑपरेशननंतरचे दिवस तुमच्या हातात आहेत. दहा ते चौदा दिवसांनी टाके निघतील. तोवर गळ्यात पट्टा किंवा साखळी अजिबात नको, छातीचा पट्टा आणून ठेवा. टाक्यांना पंजा मारू नये म्हणून प्लास्टिकचं नरसाळं घालतात, ते त्याची दया येऊन काढू नका. भाकरी अळणी, बिनमसाल्याच्या पाण्यात कुस्करून मऊ द्या. थोडी सूज दिसेल, ती उतरत जायला हवी. वाढत गेली किंवा टाक्यांतून पू आला तर लगेच दाखवा. आणि घरातली माणसांची दुखण्यावरची गोळी त्याला देऊ नका. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, यांतलं काहीही नको. कुत्र्याचं पोट, मूत्रपिंड, यकृत यांनी बिघडतं. दुखण्याचं औषध डॉक्टर देतील तेवढंच.

मुलांबद्दल. ही गाठ संसर्गाची नाही, मुलांनी जवळ बसायला हरकत नाही. फक्त गाठ दाबू देऊ नका, आणि टाके निघेपर्यंत मस्ती बंद. पण लाळ आणि मुलं हे दोन शब्द एकत्र आले की मला रेबीजबद्दल लिहावंच लागतं. सर्जाला दर वर्षी रेबीजची लस दिलेली नसेल तर ऑपरेशनबरोबर तीही कधी द्यायची ते डॉक्टरांना विचारून घ्या. रेबीजमध्ये गाठ येत नाही. घसा लुळा पडल्यानं लाळ गिळता येत नाही म्हणून ती तोंडातून गळते, जबडा लोंबतो, आवाज बदलतो, कुत्रा एकदम विचित्र वागायला लागतो. असं कुठलंही कुत्रं दिसलं, घरचं असो की गल्लीतलं, तर घशात हाड अडकलंय का बघायला म्हणून तोंडात हात घालू नका. त्याची लाळ जखमेला लागली किंवा चावा बसला तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात लस घ्यायला जा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून यात एक दिवसही थांबायचं नाही.

लाळ गळण्याची दुसरीही कारणं असतात, आणि शेतावर ती माहीत असलेली बरी. फवारणीचं औषध पोटात गेलं तर लाळेबरोबर उलटी, जुलाब, अंग थरथरणं येतं. पावसाळ्यात बेडूक तोंडात धरला तर एकदम फेस येतो. दोन्हीत घरगुती उपायात वेळ घालवू नका. फवारणीच्या औषधाचा डबा बरोबर घेऊनच दवाखाना गाठा.

ज्यांच्या कुत्र्यांना जबड्यामागं दोन्ही बाजूंना घट्ट गाठी आल्या आहेत आणि जी कुत्री सारखे आवंढे गिळतात, उबळ काढतात, ओठ चाटतात, त्यांच्या मालकांसाठीही थोडं लिहितो. तो आजार वेगळा. त्यात ग्रंथी फाटलेली नसते, फुगलेली असते, आणि ऑपरेशन लागत नाही. फिट्सवर देतात त्या फिनोबार्बिटोननं अशी बरीच कुत्री सुधारतात. पण त्याआधी अन्ननलिका तपासायला हवी. स्पायरोसर्का नावाचा जंत अन्ननलिकेत गाठी करतो आणि त्यानंही लाळग्रंथी अशा सुजतात. शेणातले किडे खाणाऱ्या, रानात फिरणाऱ्या कुत्र्यांत हा जंत शिरतो. ग्रंथी दगडासारखी कडक आणि हात लावू देत नाही इतकी दुखरी असेल तर तिचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो, तेही लवकर दाखवा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, महिनाभर थांबण्याचा. सर्जा नीट खातोय, नीट श्वास घेतोय, गाठ मऊ आहे, तर दोन-तीन आठवडे थांबता येईल. महिना मला जास्त वाटतो, कारण गाठ वाढतेय असं तुम्हीच लिहिलंय. ऑपरेशनची तारीख आजच ठरवून ठेवा. ऊसतोडीची टोळी कुठल्या दिवशी तुमच्या फडात येणार हे तोडीच्या चिठ्ठीवरून साधारण कळतंच, त्याच्या आधी किंवा नंतरचा दिवस धरा. रक्ताची तपासणी मात्र याच आठवड्यात उरका, म्हणजे प्लेटलेटचं काही निघालं तर औषधाला वेळ मिळेल.

या दिवसांत रोज संध्याकाळी त्याच्या जिभेखाली बघत जा. लाळ कधी कधी गळ्याऐवजी जिभेखाली साठते. तिथं फुगा आला तर खाताना तो दाताखाली सापडतो आणि लाळेत रक्त दिसतं. तसं झालं तर डॉक्टर ग्रंथी काढण्याबरोबर तोंडातला फुगाही उघडून शिवतील, म्हणून त्यांना आधी कळवा. गाठ गरम आणि दुखरी झाली, ताप आला, दिवसभर त्यानं खाल्लं नाही, तर त्याच दिवशी दवाखाना. आणि झोपेत घोरल्यासारखा आवाज यायला लागला, मान लांब करून श्वास घ्यायला लागला, पाणी पिताना ठसकायला लागला, तर गाठ घशाच्या आत वाढतेय असं समजा. त्या वेळी रात्र असो, तोड चालू असो, उजाडायची वाट बघू नका. अशा वेळी डॉक्टर श्वासाची वाट मोकळी करायला सुईनं पाणी काढतील, ते मात्र जरूर काढू द्या, आणि ऑपरेशन लगेच करून घ्या.